नीळ, इन्सुलिन आणि वाळूज

संश्लेषी जीवशास्त्राची ओळख करून देताना पेशीला संगणक आणि जनुकांना आज्ञावली म्हणण्याचा प्रघात पडला आहे. उपमा आकर्षक असली तरी या शास्त्राचा खरा पूर्वज संगणक नसून रसायनशास्त्र आहे. निसर्गातला पदार्थ माणसाने घडवायचा, तर काय काय घडते, हे तिथे एकदा होऊन गेले आहे.

पहिला धडा असा की, पदार्थ घडवता येणे वेगळे आणि तो परवडणे वेगळे. आडोल्फ फॉन बायर यांनी १८८० च्या सुमारास नीळ प्रयोगशाळेत तयार केली. बीएएसएफची नीळ बाजारात आली ती १८९७ साली. मधली वर्षे स्वस्त कच्चा माल शोधण्यात गेली.

इन्सुलिनचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९६० च्या दशकात जर्मनी, अमेरिका आणि चीनमधल्या शास्त्रज्ञांनी ते रासायनिक पद्धतीने जोडून दाखवले. तरीही रुग्ण डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवरच अवलंबून राहिले. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला. २००३ मध्ये वोक्हार्टने सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन भारतात आणले आणि त्यांचा जैवतंत्रज्ञान प्रकल्प आपल्या वाळूजला उभा राहिला. शहागंजातल्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुपीमागे हा सारा प्रवास आहे.

दुसरा धडा कमी सांगितला जातो. कृत्रिम निळीने भाव पाडले, तेव्हा चंपारणच्या गोऱ्या मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांचा खंड वाढवून भरून काढला. १९१७ च्या सत्याग्रहामागे ही तक्रारही होती. शोध लागला जर्मनीत, किंमत मोजली बिहारच्या शेतकऱ्याने.

मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनच्या बाबतीत हे दोन्ही धडे एकत्र येतात. यीस्टकडून त्याचे पूर्वद्रव्य बनवून घ्यायचे आणि शेवटची पायरी रसायनशास्त्राने पुरी करायची, या पद्धतीने सानोफीने २०१३ मध्ये उत्पादन सुरू केले. पण शेतात पिकणाऱ्या वनस्पतीपासूनचा माल स्वस्त झाला आणि कारखाना मागे पडला. तो यशस्वी झाला असता, तर आशिया-आफ्रिकेतल्या लहान उत्पादकांचे काय झाले असते, हा प्रश्न उरतोच.

एका बाबतीत मात्र रसायनशास्त्राचा अनुभव अपुरा आहे. सांडलेले रसायन स्वतःची संख्या वाढवत नाही, जीव वाढवतो. म्हणून नव्या पदार्थाची घोषणा होते, तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात: किलोला भाव काय, कोणाचे पीक जाणार, आणि तो जीव कारखान्याबाहेर पडला तर जबाबदारी कोणाची.