सुखाची चोपडी आणि उशिरा विचारलेला प्रश्न

विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या एका वर्गात वक्त्यांनी लग्नाळू तरुण-तरुणींना सांगितले, "चांगली नाती म्हणजेच सुख, हे हार्वर्डने सिद्ध केले आहे." सुखाचे मार्ग दाखवणाऱ्या पुस्तकांकडे आम्ही सहसा फिरकत नाही, परंतु 'सिद्ध' हा शब्द खटकला, म्हणून रॉबर्ट वाल्डिंगर व मार्क शुल्झ या लेखकद्वयाचे 'द गुड लाइफ' (२०२३) हे मूळ इंग्रजी पुस्तक मिळवून वाचले.

त्यामागील चिकाटीला प्रथम दाद दिली पाहिजे. १९३८ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांची पाहणी सुरू झाली. त्यात २६८ तरुण होते. बोस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांचा अभ्यास वेगळा चालला होता, तो पुढे तिला येऊन मिळाला. ठरावीक काळाने प्रश्नावल्या, मुलाखती, वैद्यकीय तपासण्या हा क्रम त्यांच्या वार्धक्यापर्यंत, कित्येकांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिला. संचालक बदलले, वाल्डिंगर हे चौथे. जुन्या घरातली हिशेबाची चोपडी पिढ्यान् पिढ्या लिहिली जावी, तसे हे काम झाले आहे.

पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. पुढील आरोग्याची चाहूल कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा या समाधानाने अधिक दिली. सोबत आढळले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही, आणि 'सिद्ध' या शब्दाला आमची हरकत आहे ती इथेच. आजारी माणसाची माणसेही तुटतात. शिवाय वस्तीतील मुलांपेक्षा हार्वर्डची मुले सरासरीने बरीच अधिक जगली, हे पुस्तकही नाकारत नाही. प्रेमाला भाकरीची जोड लागते, हे गरिबाला संशोधनावाचून ठाऊक असते.

पुस्तक खरे रंगते ते माणसांच्या हकिकतींत. नावे बदललेली आहेत. एक यशस्वी वकील आयुष्यभर असमाधानी राहतो. लेखक होऊ पाहणारा दुसरा शाळामास्तर होतो आणि साऱ्या अभ्यासातील अत्यंत सुखी माणसांत गणला जातो. ही पाने वाचताना आम्ही टीकाकाराची लेखणी खाली ठेवली. त्यानंतर मात्र लेखक सल्लागाराच्या भूमिकेत शिरतात आणि 'सामाजिक तंदुरुस्ती' हा शब्द पुढे येतो: व्यायामाने शरीर राखावे, तशी नाती राखावीत. हेतू चांगला आहे. पण शेजाऱ्याच्या ओटीवर बसावे ते त्याच्यासाठी, की आपल्या रक्तदाबासाठी? ज्या मास्तराचा दाखला लेखक देतात, तो असा हिशेब करून कोणाजवळ बसला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. मूळचे हे सारे अभ्यासविषय पुरुष होते, तेही गोरे. ज्यांच्या संसाराच्या सुखाचे मोजमाप चालले होते, त्यांच्या पत्नींना स्वतःच्या हक्काने सामील करून घेतले ते नव्या शतकात. त्यांतील पुष्कळ जणींनी 'आता तरी विचारलेत!' अशा अर्थाचे उत्तर दिल्याचे वाल्डिंगर यांनी २०१५ च्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानात सांगितले, तेव्हा श्रोते हसले. आम्हांस हसू आले नाही. आमच्याकडेही घरधनी ओटीवर पाहुण्यांना "सगळं छान चाललंय" म्हणून सांगत असतो आणि आत स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजत असतात. घर सुखी की नाही, हे अर्ध्या घराला विचारून कसे कळावे?

दोघांनाही विचारले की काय गवसते, याचा नमुना याच संशोधकांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आहे. ऐंशीच्या घरातील ४७ जोडपी. आठ दिवस रोज पती व पत्नी दोघांनाही विचारले गेले: आज दुखणे किती होते, मन कसे होते? संसारात समाधानी असलेल्यांचे दुखणे वाढले, त्या दिवशीही त्यांचे मन तितके खचले नाही. असमाधानी असलेल्यांचे खचले. दुखणे दोन्हीकडे होतेच. वर्गातल्या त्या मुलामुलींना 'सिद्ध झाले' असे सांगण्याऐवजी ही आठ दिवसांची हकिकत सांगितली असती, तर त्यांनी निदान घरी जाऊन आपल्या आजीला काही विचारले असते.