‘आज पिंजरा बंद आहे’

प्राणिसंग्रहालयाची सहल झाली की ‘आमची सहल’ या विषयावर निबंध लिहून घ्यायचा, असा बहुतेक शाळांत प्रघात आहे. काही वर्षांपूर्वी सातवीच्या अशाच वह्यांचा एक गठ्ठा आम्ही तपासत होतो. वहीमागून वहीत तेच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत भेटत होते : पांढऱ्या वाघाचा पिंजरा बंद होता, म्हणून आमची सहल वाया गेली. एका मुलाने ‘वाया गेली’ या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या होत्या. हरणे, माकडे, मगरी, अजगर, बागेतली मोठमोठी झाडे, या साऱ्यांची बोळवण एखाद्या ओळीत झाली होती. गिधाडांचा उल्लेख तर एकाही वहीत नव्हता.

दोष मुलांचा नव्हता. सहलीआधी घरोघरी पाठवलेले पत्रक आम्हीच तयार केले होते. त्यात वर्गणी, निघण्याची वेळ, डबा, पाण्याची बाटली अशा सूचना होत्या आणि खाली ठळक अक्षरांत छापले होते : ‘विशेष आकर्षण : दुर्मिळ पांढरा वाघ, सिंह, अस्वल, मगर.’ अशी पत्रके आजही निघतात. पुस्तकांचे परीक्षण आपण करतो, मग मुलांच्या हाती पडणाऱ्या या अर्ध्या पानाचे का करू नये?

पहिला आक्षेप ‘दुर्मिळ’ या शब्दाला. पांढरा वाघ ही वाघाची वेगळी जात नाही, उपजातही नाही. मे १९५१ मध्ये रेवा संस्थानच्या परिसरात महाराज मार्तंडसिंह यांनी पांढऱ्या वाघाचा एक बछडा पकडवला आणि त्याचे नाव मोहन ठेवले. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेले सगळे बछडे नेहमीच्याच रंगाचे निघाले. मग त्या बछड्यांतल्या राधा नावाच्या वाघिणीशी, म्हणजे स्वतःच्या मुलीशीच, त्याचा संकर घडवण्यात आला आणि १९५८ साली चार पांढरे बछडे जन्मले. प्राणिसंग्रहालयांत दिसणाऱ्या पांढऱ्या वाघांपैकी फार मोठा हिस्सा या मोहनचा वंश आहे.

मेंडेलचे नियम शिकवणाऱ्या शिक्षकाला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पांढरा रंग अप्रभावी जनुकामुळे येतो, एवढे गृहीत धरून मुलांना फळ्यावर चौकट मांडायला सांगावे. पहिल्या पिढीत एकही पांढरा बछडा का नाही, ते त्यांचे त्यांनाच उमगते. राधाच्या बाबतीत प्रत्येक बछडा पांढरा होण्याची शक्यता निम्मी येते. म्हणजे चारही पांढरे होण्याची शक्यता सोळात एक! ते चारही पांढरे निघाले, हा निव्वळ योगायोग. हा रंगबदल एसएलसी४५ए२ या जनुकातल्या एका फरकामुळे होतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. लाल-पिवळे रंगद्रव्य नाहीसे होते, काळे पट्टे तेवढे उरतात. पांढऱ्या वाघांत तिरळेपणा आढळतो, आणि पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात संकर होत राहिल्याने इतर व्यंगेही दिसतात. जंगलातले वाघ वाचवण्याच्या कामी या पैदाशीचा काडीचाही उपयोग नाही. ती होत राहिली, कारण पांढरा वाघ पाहायला गर्दी लोटते. त्या गर्दीत आमच्या पत्रकाचा वाटा होताच.

आता त्याच आवारातल्या गिधाडांकडे वळू. ती पांढऱ्या पाठीची गिधाडे होती. आमच्या पिढीने लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुरांवर त्यांचे थवे पाहिले आहेत, त्यामुळे ती यादीत घालावीत असे आमच्या मनातही आले नाही. प्रत्यक्षात १९९२ मध्ये भारतात या जातीची जितकी गिधाडे होती, त्यांतली २००७ पर्यंत हजारात एक एवढीच उरली. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिलेली गुरे मेली, की ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. म्हणजे त्या दिवशी आम्ही ज्या पिंजऱ्यावरून मुलांना ‘चला, चला, पुढे वाघ आहे’ म्हणत पुढे नेले, तिथेच त्या आवारातले खरेखुरे दुर्मिळ प्राणी बसले होते. शिवाय तो पिंजरा उघडा होता.

दुसरा आक्षेप, पत्रकात जे लिहिलेच नव्हते त्याबद्दल. पिंजरे बंद असू शकतात, याची मुलांना आम्ही काहीच कल्पना दिली नव्हती, कारण आम्ही स्वतःच त्याचा विचार केला नव्हता. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेच्या नियमांनुसार आठवड्यातून किमान एक दिवस ते बंद ठेवावे लागते. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचे कात्रजचे उद्यान, दोन्ही बुधवारी बंद असतात. तरीही बुधवारी फाटकापाशी येऊन परत फिरणाऱ्या शाळांच्या बसगाड्या आम्ही पाहिल्या आहेत. हे झाले सर्वसाधारण बंदचे. एकेक पिंजरा बंद राहण्याची कारणे मात्र जीवशास्त्राच्या पुस्तकासारखी वाचण्याजोगी असतात. नवा आणलेला प्राणी इतरांत मिसळण्यापूर्वी काही आठवडे वेगळा ठेवतात. व्यालेली मादी माणसांच्या गोंगाटाने बिथरून पिल्लांना टाकून देऊ शकते, म्हणून तिला आडोसा देतात. माजावर आलेला नर सांबर कुंपणावर धडका देतो. कुठे डागडुजी चालू असते, तर कुठे जनावर आजारी असते.

साथीचे उदाहरण तर ताजे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. पक्ष्यांचा म्हणून ओळखला जाणारा रोग वाघाला कसा झाला, हा प्रश्न नववीच्या वर्गात तासभर पुरेल. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीचे प्राणिसंग्रहालय याच रोगामुळे बंद ठेवावे लागले. त्याआधी मे २०२१ मध्ये हैदराबादच्या आठ सिंहांना कोविडची लागण झाल्याचे आढळले होते. अशा वेळी पिंजऱ्याला लावलेले कुलूप प्राण्यांइतकेच पाहुण्यांच्याही हिताचे असते.

तिसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो. पांढरा वाघ नाही, निदान सिंह तरी दिसावा म्हणून आम्ही सिंहाच्या पिंजऱ्यापाशी गेलो. वेळ दुपारी बाराची. सिंह आतल्या बाजूला, आमच्याकडे पाठ करून झोपला होता. सिंह दिवसाचे अठरा-वीस तास झोपून किंवा लोळून काढतो, हे आम्हाला ठाऊक होते, शिकवलेलेही होते. पण मुले हिरमुसली होती. तेव्हा आम्ही तिथल्या कर्मचाऱ्याला गळ घातली. त्याने आधी आढेवेढे घेतले आणि मग मागच्या पत्र्यावर दांडका आपटला. सिंह उठला, आमच्याकडे पाहिले, पुन्हा आडवा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणे, त्रास देणे, खायला घालणे, हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे या कलमाने निषिद्ध आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, त्या दिवशी मुले आमच्याकडून काय शिकली? वह्यांत ते उमटले होतेच. ‘सरांनी सिंहाला उठवायला लावले’ हे वाक्य बऱ्याच जणांनी कौतुकाने लिहिले होते.

या सगळ्यावर एक आक्षेप सहकारी शिक्षक घेतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, आमची मुले दीडशे-दोनशे किलोमीटरवरून येतात, आईबापांनी वर्गणी कशीबशी भरलेली असते. पुन्हा कधी येतील कोण जाणे. वाघ पाहायचाय असे त्यांनी म्हटले, तर ते चूक कसे? चूक नाहीच. म्हणून तर आधी चौकशी करणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. आठवडाभर आधी एक फोन करून कोणते विभाग बंद आहेत, का बंद आहेत आणि खाणे किती वाजता घालतात, एवढे विचारावे. जमल्यास एका शिक्षकाने आधी जाऊन, मुले ज्या वेळी पोहोचणार त्याच वेळी, एक फेरी मारावी. वाघ दिसणार नसेल तर तसे निघण्यापूर्वीच वर्गात सांगून टाकावे. आधी सांगितलेली निराशा मुले पचवतात, फाटकाच्या आत गेल्यावर समजलेली मात्र त्यांना फसवणूक वाटते. आणि शक्यतो सकाळी दार उघडताच आत शिरावे. हिंस्र प्राणी तेव्हा जरा तरी हिंडताफिरताना दिसतात.

राणीच्या बागेतल्या पेंग्विनांचे उदाहरण घेऊ, कारण मुंबईच्या सहलींची पत्रके आता त्यांच्याभोवतीच फिरतात. दक्षिण कोरियातून २०१६ साली आठ हंबोल्ट पेंग्विन आणले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला आणि मार्च २०१७ पासून उरलेल्यांचे दालन लोकांसाठी खुले झाले. मुले बर्फ पाहायला मिळणार या अपेक्षेने येतात. वास्तविक हा पक्षी पेरू आणि चिलीच्या कोरड्या, वाळवंटी किनाऱ्यावरचा. पेरूतल्या त्याच्या वसाहती दक्षिण अक्षांश १५ च्या आसपास आणि त्याहूनही उत्तरेला आहेत, आणि मुंबई उत्तर अक्षांश १९ वर. म्हणजे हे पेंग्विन मुंबईकरांपेक्षा विषुववृत्ताच्या जवळ राहणारे! ते तिथे तग धरतात ते हंबोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे आणि त्यातल्या मुबलक माशांमुळे. एल निनोच्या वर्षी किनाऱ्याजवळचे पाणी तापते, मासे दूर किंवा खोल जातात आणि पेंग्विन घरटी सोडून देतात. १९८२-८३ च्या एल निनोत पेरूमधली त्यांची संख्या फार घटली. पावसाच्या अंदाजासोबत वर्तमानपत्रात येणारा एल निनो तो हाच. हा पाठ नकाशा आणि पृथ्वीगोल घेऊन वर्गातच होऊ शकतो, दालन उघडे असो वा बंद. तिकीट काढून आत गेल्यावर एखादा पेंग्विन पाण्यात न उतरता विस्कटलेल्या पिसांनी कोपऱ्यात उभा दिसला, तर तो आजारीच असेल असे नाही. वर्षातून एकदा त्याची सगळी पिसे एकदमच बदलतात आणि नवी येईपर्यंत, दोन-तीन आठवडे, तो पाण्यात जात नाही. आणि दालनाबाहेर १८६२ साली खुली झालेली एक बाग आहे, तिच्यात जुने वृक्ष आहेत, गोरखचिंच आहे. झाडे बुधवार सोडून कधीच बंद नसतात.

प्राणिसंग्रहालयांच्या व्यवस्थापकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नुसती ‘बंद आहे’ ही पाटी वाया घालवलेली पाटी होय. प्रेक्षकांच्या मनात वन्यप्राण्यांविषयी समज आणि आस्था निर्माण करणे हे १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने सांगितलेल्या उद्दिष्टांपैकी एक आहे. त्या पाटीवर खडूने ‘पिल्ले आहेत’ किंवा ‘नवा प्राणी, तपासणी चालू’ एवढे जरी लिहिले, तरी तिथे दोन मिनिटे थांबायला कारण मिळते.

पुढच्या वर्षी आम्ही पत्रक बदलले. यादी काढून टाकली. चार पिंजरे ठरवले, प्रत्येकापाशी वीस मिनिटे. प्राणी काय करतो आहे ते दर मिनिटाला एका शब्दात टिपायचे : बसला, चालला, खाजवले, झोपला. ‘झोपला’ असे वीस वेळा लिहिलेले पानही पूर्ण धरले जाईल, असे आधीच जाहीर केले. चौथा पिंजरा अस्वलाचा होता आणि नेमका तोच बंद निघाला. फोन करूनही! मुलांना म्हटले, कारणाचा अंदाज लिहा. कोणी पिल्ले लिहिले, कोणी रंगकाम, एकाने ‘अस्वल पळाले’. मग एका मुलीने झाडू मारणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारले. तो म्हणाला, दाढ किडली होती, परवा डॉक्टरांनी भूल देऊन काढली, चार दिवस पातळ खाणे चालू आहे.

तिच्या वहीत सहलीचे दीड पान होते, आणि त्यातला अर्धा भाग या दाढेवर होता. अस्वल मध खाते म्हणून दाढ किडली का, असे तिने शेवटी विचारले होते. जंगलातले अस्वल मधाबरोबर वाळवीही खाते आणि फळेही. पिंजऱ्यातल्याला ते रोज काय देतात, हे मात्र आम्हाला सांगता आले नाही. पुढच्या फोनला विचारायच्या प्रश्नांत ते लिहून ठेवले आहे.