नर्तकीचें दिग्दर्शन

नर्तकीच्या पायांत चाळ दिसले कीं तिच्या चेहऱ्याकडे प्रेक्षक पाहत नाहींत. जयश्री गडकर यांची कारकीर्द आम्हांस विचारार्ह वाटते ती याच कारणानें. १९५५ सालच्या 'झनक झनक पायल बाजे'मध्यें त्या समूहनृत्यांतील अनेकींपैकीं एक होत्या. १९५९ सालच्या 'सांगत्ये ऐका'नें त्यांचें नांव घरोघर पोंचविलें. आमच्या परभणी जिल्ह्यांतील जत्रांच्या तंबूंत तमाशापटांना गर्दी लोटे ती लावणीसाठीं. या लोकप्रियतेनेंच त्यांच्याभोंवतीं रिंगण आंखलें.

तें त्यांनीं ओलांडलें १९६१ सालच्या 'मानिनी'त. मान वळविणें, पाऊल अडखळणें, नजर खालीं नेणें, हा नृत्यानें शिकविलेला संयम तेथें संसारी स्त्रीच्या स्वाभिमानाला उपयोगी पडला. नृत्य सुटलें नाहीं. तें अभिनयांत मुरलें.

पुढें दिग्दर्शनाची सूत्रें हातीं आलीं तेव्हां त्यांनीं 'सासर माहेर' (१९९४) व 'अशी असावी सासू' हे चित्रपट काढले. विषय नांवांतच स्पष्ट आहे. जिला समाजानें फडावर पाहिलें, तिला घराच्या उंबऱ्याआंत मान हवा असावा, हें आम्ही समजूं शकतों. परंतु समूहांतील निनावी नर्तकीचें जिणें त्यांच्याइतकें जवळून कोणा दिग्दर्शकानें पाहिलें होतें? ती कथा सांगण्याचा अधिकार त्यांचाच होता. २००८ सालीं त्या गेल्या, आणि ती कथा अनुक्तच राहिली. त्यांच्या यशाविषयीं आम्हांस आदर आहे. हळहळ आहे ती एवढीच.