बिडाच्या पायांवरचे टेबल

शिवणाच्या जुन्या पेट्या आणि टेबले यांविषयी जे लिहिले जाते, त्यात लाकूड कोणते, जडाव कशाचा, वस्तू किती अखंड राहिली, हे बारकाईने येते. त्या वस्तूपाशी बसून काम कसे होई, हे मात्र क्वचितच विचारले जाते. ही मोजपट्टी आपल्या भागाला लावली, तर हाती काहीच लागत नाही. दोष वस्तूंचा की मोजपट्टीचा?

सुरत-मुंबईचे सादेली काम घेऊ. हस्तिदंत, आबनूस, रंगवलेले शिंग, पतंगाचे लाकूड, कथील यांच्या बारीक कांड्या जुळवून जाड दांडी करायची, ती आडवी कापून पातळ चकत्या काढायच्या आणि चंदनाच्या पेटीवर चिकटवायच्या. नक्षी पृष्ठावर काढलेली नसते, ती दांडीच्या आरपार असते. म्हणूनच प्रत्येक चकतीत तीच आकृती उमटते. ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून विलायतेत गेलेल्या या कामात शिवणाच्या पेट्याही होत्या. १८५१च्या लंडन महाप्रदर्शनात हे काम मांडले गेले. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८०च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. या कौतुकात खोटे काही नाही.

पण पेटीच्या आत पाहा. रिळांचे खण, अंगुस्तानाची जागा, टाचण्यांची गादी हा सारा सरंजाम खुर्चीवर बसून शिवणाऱ्या बाईसाठी आहे. इंग्लंडमधल्या अठराव्या शतकातल्या शिवणटेबलांना तर अर्धवट काम ठेवण्यासाठी खाली रेशमी पिशवी असे. आपल्याकडे शिंपी मांडी घालून बसे, कापड गुडघ्यावर घेई. गोधडी जमिनीवर पसरून भरली जाई. जमीन हेच आमचे टेबल होते आणि जमिनीला कोणी दुर्मीळ वस्तू म्हणत नाही.

योगायोग असा की त्याच १८५१ साली अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी शिवणयंत्राचे पेटंट घेतले. त्यांचे आरंभीचे यंत्र ज्या खोक्यातून येई, तेच त्याचे टेबल होई. पुढे बिडाचे पाय आले, पायडल आले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४मध्ये शिवणयंत्राला आवर्जून अपवाद केले. १९३०च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ यंत्रे तयार होऊ लागली. खानदेशातल्या अनेक घरांत कामासाठी म्हणून आलेले पहिले टेबल हे पायमशिनीचेच होते. शिवणारी व्यक्ती जमिनीवरून उठून स्टुलावर बसली. शिवणाऱ्या बाईच्या हाती चार पैसे आले, तेही बहुधा याच टेबलावर.

पारोळ्यातल्या एका घरात असे टेबल मी पाहिले. फळीच्या पुढच्या कडेला इंचाइंचावर पितळी टाचण्या ठोकलेल्या. डावीकडची कड हात आणि कापड घासून गोल झालेली. पायडलवरची जाळी उजव्या पावलाखाली गुळगुळीत. मूळ फळी खराब झाल्यावर सुताराने कडुनिंबाची नवी बसवली, पण मशीन आत दुमडण्याचा खाचा जुन्या मापाने अचूक कोरला. बाजारातला जाणकार या टेबलाला ‘दुरुस्त केलेले’ म्हणून कमी लेखील. मला ती दुरुस्तीच त्यातली कारागिरी वाटते.

कारखान्यात साच्याने झालेल्या वस्तूत कारागिरी कसली, असा आक्षेप येईल. ओतकामापुरता तो मान्य आहे. पण टाचण्या ठोकणारा हात, नवा पट्टा जोडणारा हात, खाचा कोरणारा हात साच्यातले नव्हते. सादेलीची पेटी अखंड राहिली, कारण ती जपून वापरली गेली. हे टेबल झिजले, कारण त्यावर घर चालले. दोघांना एकाच मापाने मोजणे अन्याय आहे.

आज ही मशिने भंगारात वजनावर जातात. पाय तेवढे वेगळे काढून त्यांवर काच किंवा संगमरवर बसवतात, की झाले हॉटेलातले ‘अँटीक’ टेबल. म्हणजे शोभा टिकते. खुणांची फळी चुलीत जाते. वाचकांच्या घरी असे टेबल असेल आणि ते काढायचेच असेल, तर आधी एक काम करावे. फळीचा फोटो घ्यावा, खणात काय आहे ते पाहावे आणि त्यावर कोणी, किती वर्षे, काय शिवले ते लिहून ठेवावे. बिडावर कंपनीचे नाव ओतलेले असते. शिवणारीचे नाव आपणच लिहायला हवे.