न गंजणाऱ्या पोलादाची अर्धी गोष्ट

१९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधत होते आणि योगायोगाने न गंजणारे पोलाद हाती लागले, असे आपण वर्गात सांगतो. गोष्ट रंजक, पण अर्धीच आहे. क्रोमियम-लोखंडाची संमिश्रे आम्लांना सहजी दाद देत नाहीत, हे फ्रान्समध्ये पिएर बेर्तिए यांनी १८२१ मध्येच नोंदवले होते. मग मध्ये ९२ वर्षे का गेली? त्या संमिश्रांत कार्बन फार, म्हणून ती ठिसूळ. १८९० च्या दशकात जर्मनीत हान्स गोल्डश्मिट यांनी कोळशाऐवजी ॲल्युमिनिअमने क्षपण करून कार्बनविरहित क्रोमियम मिळवले, तेव्हा वाट मोकळी झाली. क्षपणाच्या धड्याला ही गोष्ट जोडली, तर योगायोगामागचे रसायनशास्त्रही विद्यार्थ्यांना कळेल.