'बाल वैज्ञानिक' आणि शोधक कौशल्यांचे मूल्यमापन

निरीक्षण, नोंद, तुलना व अनुमान ही विज्ञानातील मूलभूत कौशल्ये होत. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकांत निष्कर्ष आयता मिळत नाही. तो विद्यार्थ्याने प्रयोगातून काढावयाचा असतो. परीक्षाही त्यास अनुरूप होती : प्रात्यक्षिक, तसेच पुस्तक जवळ ठेवून सोडवावयाची प्रश्नपत्रिका. मात्र हा कार्यक्रम सहावी ते आठवीपुरताच राहिला व २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. माध्यमिक स्तरावर अनेकदा ओहमचा नियम आधी पाठ होतो आणि प्रयोगवहीतील वाचने त्याला जुळवून लिहिली जातात. वस्तुतः न जुळणारे वाचन हाच शोधाचा आरंभ होय. त्यालाही गुण मिळाल्याशिवाय ही कौशल्ये रुजणार नाहीत.