‘मनीबॉल’ने नेमकं काय सिद्ध केलं?

मायकल लुईस यांचं ‘मनीबॉल’ (२००३) आता फक्त बेसबॉलचं पुस्तक राहिलेलं नाही. २०११ मध्ये ब्रॅड पिटचा सिनेमा आला आणि त्यानंतर डेटा सायन्सच्या कोर्सपासून मॅनेजमेंटच्या सेमिनारपर्यंत त्याचं नाव निघायला लागलं. ‘अनुभवापेक्षा आकडे श्रेष्ठ, हे मनीबॉलने सिद्ध केलं’ अशा अर्थाचं वाक्य तुम्हीही कुठल्या तरी स्लाइडवर वाचलं असेल. पुस्तक झकास आहे, हे आधीच सांगतो. माझा आक्षेप आहे तो ‘सिद्ध केलं’ या दोन शब्दांवर. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं, पण त्यातली कॉलेजची मुलं मोजत वाचावं.

कॉलेजची मुलं म्हणजे काय, ते आधी सांगतो. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल संघ नवे खेळाडू दरवर्षीच्या ड्राफ्टमधून घेतात. हा आयपीएलसारखा लिलाव नसतो. संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात आणि मग त्या मुलाशी पैशांचं बोलतात. उमेदवार प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात, नुकतीच शाळा संपवलेली अठराएक वर्षांची मुलं आणि कॉलेजकडून दोन-तीन वर्षं खेळलेली मुलं. ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे जनरल मॅनेजर बिली बीन यांचा पवित्रा असा होता की शाळेतली मुलं घेणं म्हणजे जुगार. कॉलेजचा खेळाडू जास्त सामने, जास्त तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेला असतो, त्यामुळे त्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. कल्पना त्यांची नव्हती. कॉलेजच्या खेळाडूंवर लावलेला पैसा जास्त परत येतो, हे बिल जेम्स यांनी १९८० च्या दशकातच मांडलं होतं.

गृहीतक म्हणून हे उत्तम आहे. पण पुस्तकात त्याला आधार काय मिळतो? सगळ्यात ठसठशीत आधार म्हणजे खुद्द बीन यांची गोष्ट. १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्यांना शाळेतून उचललं, पहिल्या फेरीत, २३ व्या क्रमांकावर. त्यांनी स्टॅनफर्डवर पाणी सोडलं आणि पुढे खेळाडू म्हणून ते चमकले नाहीत. वाचताना वाईट वाटतं आणि आपण मान डोलावतो: शाळेतली मुलं नकोतच. पण त्याच वर्षी, त्याच मेट्सने, त्याच ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिलं नाव उचललं होतं डॅरिल स्ट्रॉबेरीचं. तोही शाळेतलाच. तो १९८३ चा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढे आठ वेळा ऑल-स्टार झाला. स्ट्रॉबेरी पुस्तकात आहे, लपवलेला नाही. फक्त त्याची गोष्ट युक्तिवादात मोजली जात नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि माझ्या मते हा सगळ्यात मोठा. पुस्तकाच्या मध्यावर जून २००२ चा ड्राफ्ट आहे. ओकलंडकडे पहिल्या फेरीतल्या तब्बल सात निवडी होत्या आणि सातही कॉलेजची मुलं. त्याच मोसमात ओकलंडने १०३ सामने जिंकले, तेही सुमारे ४ कोटी डॉलरच्या पगारखर्चात. तितकेच सामने जिंकणाऱ्या यँकीजचा खर्च त्याच्या तिपटीच्या आसपास होता. हे दोन्ही शेजारी-शेजारी वाचलं की मनात आपोआप बाण उमटतो: असे खेळाडू निवडले, म्हणून असे विजय मिळाले. पण त्या १०३ विजयांत या सात मुलांचा वाटा शून्य आहे. त्यांनी नुकत्याच सह्या केल्या होत्या. जिंकून दिलं ते आधीपासून संघात असलेल्यांनी. हडसन, मल्डर आणि झिटो हे तीन पिचर कॉलेजमधूनच आलेले, हे खरं. पण एरिक चावेझ शाळेतून आलेला होता, आणि त्या वर्षीचा लीगमधला सर्वात मौल्यवान खेळाडू मिगेल तेहादा डॉमिनिकन रिपब्लिकचा. तो ड्राफ्टमधून आलेलाच नव्हता. म्हणजे २००३ मध्ये पुस्तक छापून आलं तेव्हा त्यातल्या मुख्य प्रयोगाचा निकाल लागायचाच होता.

तो आता लागलाय. सातपैकी निक स्विशर (ओहायो स्टेट) आणि जो ब्लँटन (केंटकी) यांची कारकीर्द चांगली झाली, मार्क टीहनची बऱ्यापैकी. मकर्डी, फ्रिट्झ आणि ओबेनचेन हे तिघं मेजर लीगपर्यंत पोचलेच नाहीत. सातवा अलाबामा विद्यापीठाचा कॅचर जेरेमी ब्राउन, पुस्तकाचा लाडका. सिनेमाच्या शेवटच्या क्लिपमध्ये होमरन मारूनही पहिल्या बेसपाशी धडपडणारा जाडसर मुलगा आठवतो? तोच. तो मेजर लीगमध्ये एकूण पाच सामने खेळला.

आता टीकाकारांचं आवडतं शस्त्र बघा. स्विशर १६ वा. १७ वा कोण? कोल हॅमल्स, शाळेतला, २००८ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू. ब्लँटन २४ वा. २५ वा मॅट केन, तोही शाळेतला, २०१२ मध्ये परफेक्ट गेम टाकणारा. ‘बघा, ओकलंडचं कसं चुकलं!’ पण हीसुद्धा तीच चलाखी, उलट्या बाजूने. त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा ख्रिस ग्रूलर आणि पाचवा क्लिंट एव्हर्ट्स, दोघंही शाळेतले पिचर, दोघंही मेजर लीगमध्ये कधी खेळले नाहीत. हॅमल्सचं नाव घेणाऱ्यांना ग्रूलर आठवत नाही. अंशावर भांडताना छेद कुणीच लिहीत नाही.

त्यात निवड निव्वळ आकड्यांवर झालेली नव्हती. सात निवडी होत्या, पण पैसे तेवढे नव्हते, म्हणून स्वस्तात सही करणारं कुणीतरी हवंच होतं. ब्राउनने साडेतीन लाख डॉलरवर सही केली, त्या क्रमांकाच्या मानाने फारच कमी. लुईस हे सांगतात, प्रामाणिकपणे सांगतात. आपण उद्धृत करताना मात्र ते गाळतो, आणि ‘आकड्यांनी निवडलेला’ हे तेवढं ठेवतो.

मग हे तपासायचं कसं? बरेच ड्राफ्ट घ्यायचे, प्रत्येक क्रमांकाची निवड घ्यायची, यशस्वी-अयशस्वी सगळे मोजायचे. २००५ मध्ये रॅनी जझायेर्ली यांनी ‘बेसबॉल प्रॉस्पेक्टस’मध्ये नेमकं हेच केलं, १९८४ ते १९९९ च्या ड्राफ्टांवर. (गृहस्थ पेशाने त्वचारोगतज्ज्ञ आहेत. गाइडची वाट बघत बसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) निष्कर्ष मजेशीर आहे. सुरुवातीच्या वर्षांत कॉलेजच्या खेळाडूंचा फायदा स्पष्ट दिसतो, पण १९९० च्या दशकात तो बराचसा विरघळतो. म्हणजे जेम्स यांचं त्यांच्या काळापुरतं बरोबर असू शकतं, आणि पुस्तक येईपर्यंत ते शिळंही झालेलं असू शकतं.

आणखी एका बाबीवर पुस्तक पुरेसं थांबत नाही: कॉलेजचा आकडा हा नुसता खेळाडूचा आकडा नसतो. कॉलेजमध्ये धातूची बॅट चालते, व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडाचीच. २०११ मध्ये एनसीएएने धातूच्या बॅटचे नियम कडक केले आणि एका मोसमात होमरनचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मुलं एका हिवाळ्यात दुबळी झाली नव्हती. ओमाहात होणाऱ्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये तर गंमतच झाली. त्याच वर्षी स्पर्धा जुन्या रोझेनब्लॅट स्टेडियममधून नव्या मैदानावर हलली. तिथेही होमरन आटले. बॅटमुळे की मैदानामुळे? फक्त ओमाहाचे आकडे घेऊन बसलात तर दोन्हींचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. त्यासाठी मैदान न बदललेल्या संघांकडे जावं लागेल.

२०१५ मध्ये चेंडू बदलला, उंच शिवणीऐवजी सपाट शिवणीचा आला. तेव्हा मात्र आधी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत यंत्रातून दोन्ही चेंडू सोडून बघितले होते: वेग, कोन, फिरकी तीच, फक्त शिवण वेगळी. जुना चेंडू ३६७ फूट गेला, नवा ३८७. या २० फुटांवर कुणी पुस्तक लिहिलेलं नाही, आणि सिनेमा तर येणारच नाही. पण प्रस्तावात ‘सिद्ध झालं’ लिहायचंच असेल, तर मी या २० फुटांपुढे लिहीन.